नवीन गाडीचं इंजिन ऑइल नेमकं कधी बदलायचं: आपल्या गाडीचा आकडा काढण्यापासून ते बदलून घेईपर्यंत

ऑइल किती किलोमीटरला बदलायचं असं विचारलं की दोन ठरलेली उत्तरं मिळतात. जुने मेकॅनिक म्हणतात दर ३,००० ला बदला, आणि नवीन गाडी घेतलेले लोक म्हणतात शोरूमवाल्याने १०,००० सांगितलंय, तोवर बॉनेट उघडायची गरजच नाही. दोन्हीत नुकसान आहे. पहिल्यात चांगलं ऑइल ओतून टाकता आणि पैसे जातात, दुसऱ्यात इंजिन जातं, आणि दुसरी चूक मला हल्ली जास्त दिसतेय म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. यातलं बहुतेक सगळं एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ गाड्यांसाठी आहे, कार, बाईक, स्कूटर तिन्ही.

## आधी हे हाताशी घ्या

गाडीचं ओनर्स मॅन्युअल (डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत पडलेलं असतं, नसेल तर कंपनीच्या साईटवर पीडीएफ मिळते), शेवटच्या सर्व्हिसिंगचं बिल आणि जॉब कार्ड, आजच्या किलोमीटर रीडिंगचा मोबाईलवर फोटो, आणि एक धागे न सुटणारं स्वच्छ सुती फडकं. बस.

मॅन्युअलमधली तीन पानं शोधा आणि त्यांचे फोटो काढून ठेवा. पहिलं मेंटेनन्स शेड्यूलचं. दुसरं त्याच्याच आसपास असलेलं, खडतर वापरासाठीचं वेगळं शेड्यूल, जे जवळपास कुणीच वाचत नाही. तिसरं शेवटी शेवटी येणारं स्पेसिफिकेशनचं, ज्यात ऑइलचा ग्रेड आणि किती लिटर बसतं ते दिलेलं असतं, फिल्टर बदलला तर वेगळं आणि न बदलता वेगळं.

तपासा: मॅन्युअल तुमच्याच इंजिनाचं आहे ना. एकाच मॉडेलच्या पेट्रोल, टर्बो पेट्रोल आणि डिझेलचे आकडे वेगळे असतात आणि पुस्तक बरेचदा एकच असतं.

## टप्पा १: मॅन्युअलमधला आकडा पूर्ण वाचा, अर्धा नको

आकडा कधीच एकटा नसतो, 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यापैकी जे आधी होईल ते' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मारुती, ह्युंदाईच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किमी किंवा १ वर्ष आहे, स्कोडा-फोक्सवॅगनला १५,००० किमी किंवा १ वर्ष. छोट्या बाईक-स्कूटरला साधारण ३,००० ते ६,००० च्या दरम्यान असतं, काही मोठ्या बाईकना १०,०००. हे फक्त अंदाज यावा म्हणून सांगतोय, तुमचा आकडा तुमच्या पुस्तकातूनच घ्यायचा.

सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे लोक किलोमीटर लक्षात ठेवतात आणि महिने विसरतात. आमच्या घरचंच सांगतो. वडील निवृत्त झाल्यावर गाडी फक्त मंडई, दवाखाना आणि देऊळ एवढ्यापुरती निघायची, एकावेळी दोन-तीन किलोमीटर. २६ महिन्यांत ६,२०० किमी झाले होते आणि '१०,००० अजून लांब आहेत' म्हणून ऑइल तसंच होतं. डिसेंबरात पुण्याला गेलो तेव्हा सहज ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला दुधाच्या कॉफीच्या रंगाचा, मलईसारखा चिकट थर. बोटाने पुसला तर लोण्यासारखा निघाला. ते पाणी होतं, ऑइलमध्ये घुसळलेलं. इंजिन दर वेळी गरम व्हायच्या आत बंद होत होतं, त्यामुळे आत तयार झालेली वाफ बाहेर पडायला वावच मिळाला नव्हता. नशिबाने डिपस्टिकवर (ऑइलची लेव्हल बघायची लांब पट्टी) तसलं काही नव्हतं, ऑइल आणि फिल्टर बदलून भागलं.

सावधान: असा थर फक्त झाकणाखाली असेल तर बहुतेक वेळा छोट्या फेऱ्यांचा ओलावा असतो. पण डिपस्टिकवरही दुधाळ ऑइल दिसलं किंवा कुलंट (इंजिन थंड ठेवणारं, रेडिएटरमधलं पाणी) कमी होत असेल तर कुलंट आत मिसळत असण्याची शक्यता आहे. गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

पहिल्या फ्री सर्व्हिसबद्दलही एक सांगतो. 'फ्री सर्व्हिस' म्हणजे ऑइल बदललंच असं नाही. बऱ्याच कारना १,००० किमीच्या सर्व्हिसला नुसती तपासणी असते. बाईकला मात्र पहिल्या ५०० ते १,००० किमीतच ऑइल बदलायला सांगतात आणि ते अजिबात टाळायचं नाही, कारण बहुतेक गिअरच्या बाईकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच तिघांना एकच ऑइल असतं आणि नवीन पार्ट एकमेकांवर घासून बसताना निघणारा धातूचा बारीक कीस त्याच ऑइलमध्ये फिरत राहतो.

## टप्पा २: आपण कुठल्या रकान्यात बसतो ते प्रामाणिकपणे ठरवा

इथे खरा घोळ होतो. प्रत्येकाला वाटतं आपण गाडी जपून चालवतो, मग आपला वापर खडतर कसला. पण मॅन्युअलमधला खडतर वापर म्हणजे जोरात पळवणं नव्हे. त्यात साधारण हे सगळं येतं: ५ ते ८ किमीपेक्षा छोट्या फेऱ्या, ट्रॅफिकमध्ये सतत थांबत-निघत जाणं, इंजिन चालू ठेवून बराच वेळ उभं राहणं, धुळीचा किंवा मुरमाचा रस्ता, घाट, भरपूर वजन, टॅक्सीचा वापर. आता सांगा, हिंजवडीला नाहीतर घोडबंदर रोडने रोज ऑफिसला जाणारा माणूस कुठे बसतो?

किलोमीटरचा आकडा का फसवतो ते हिशोबाने बघा. सरासरी ताशी २० ने चालणाऱ्या गाडीचे १०,००० किमी म्हणजे इंजिन ५०० तास चाललं. तेच हायवेवर सरासरी ६० ने असेल तर साधारण १६७ तास. मीटरवर आकडा तोच, पण पहिल्या गाडीचं ऑइल तिप्पट वेळ राबलंय, आणि सिग्नलला उभी असताना तर किलोमीटर पुढे सरकतच नाहीत, इंजिन मात्र फिरतंच असतं.

नवीन बऱ्याच गाड्यांत मीटरच्या डिस्प्लेवर सरासरी वेग दिसतो. तो आज झिरो करा आणि महिनाभर तसाच राहू द्या. महिन्याने २५ च्या खाली आकडा आला तर मी त्या गाडीला सरळ खडतरमध्ये धरतो. हा माझा हिशोब आहे, कंपनीचा नाही, पण अजून तरी त्याने मला फसवलेलं नाही.

छोट्या फेरीबद्दल आणखी एक गैरसमज आहे. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन गरम झालं असं लोक धरतात. तो काटा कुलंटचा असतो, ऑइल त्याच्या मागून बऱ्याच वेळाने गरम होतं. त्या आधीच गाडी बंद केली तर न जळलेलं पेट्रोल आणि ओलावा ऑइलमध्ये राहतो, ऑइल पातळ होतं, आम्ल तयार होतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोलमध्ये हे जरा जास्तच होतं.

सीएनजीवाल्यांनी इकडे लक्ष द्या. सीएनजीवर ऑइल खूप दिवस सोनेरी आणि स्वच्छ दिसतं, कारण काजळी कमी. त्यावरून ते चांगलं आहे असं समजू नका, तिकडे उष्णतेने ऑइल जुनं होतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. हायब्रीडमध्ये इंजिन मधूनमधून बंद असतं म्हणून ऑइल जास्त टिकेल असं वाटतं, पण ते वारंवार थंडही होतं. दोघांनीही मॅन्युअलमधला आकडा आणि तारीख पाळायची, स्वतःहून वाढवायची नाही.

## टप्पा ३: आता आपला आकडा कागदावर लिहा

मॅन्युअलमध्ये खडतर वापराचा आकडा दिला असेल तर तोच घ्या, बहुतेक ठिकाणी तो नेहमीच्या निम्मा असतो, म्हणजे ५,००० किमी किंवा ६ महिने. दिलेला नसेल तर सर्व्हिस सेंटरला ईमेल करून आपला वापर सांगा आणि लेखी उत्तर मागा. फोनवर कुणीतरी 'चालतंय हो सर' म्हणतो, त्याचा पुढे उपयोग होत नाही.

उदाहरण म्हणून तीन गाड्या घ्या, तिन्हींच्या पुस्तकात १०,००० किंवा १ वर्ष. पहिली महिन्याला दोनदा पुणे-कोल्हापूर करते, शहरात फारशी निघत नाही: पूर्ण १०,००० चालतील, ते दहा-अकरा महिन्यांतच होतील. दुसरी रोज १२ किमी ट्रॅफिकमध्ये जाते आणि तितकीच परत येते: ५,००० किंवा ६ महिने. तिसरी वडिलांची, नुसत्या छोट्या फेऱ्या: किलोमीटर विसरा, दर ६ महिन्यांनी तारखेवर बदला.

आणि 'फुल सिंथेटिक टाकलंय, आता २०,००० बघायला नको' हे डोक्यातून काढा. मॅन्युअलमधला आकडा जे ऑइल सांगितलंय तेच धरून दिलेला असतो आणि नवीन गाड्यांना बहुतेक वेळा सिंथेटिकच सांगितलेलं असतं. महाग ऑइल टाकलं म्हणून मुदत लांबवता येत नाही.

सावधान: वॉरंटीत असताना मुदत उलटू देऊ नका. पुढे इंजिनचं काही काम निघालं तर पहिल्यांदा सर्व्हिस हिस्ट्रीच बघतात.

डॅशबोर्डवरच्या ऑइल लाईफ किंवा सर्व्हिस रिमाइंडरचं काय? बहुतेक गाड्यांत तो ऑइल तपासत नसतो, किलोमीटर, दिवस, काही गाड्यांत तापमान आणि चालवण्याची पद्धत यावरून हिशोब करतो. ऑइल किती शिल्लक आहे ते तर त्याला बरेचदा कळतच नाही. तो लवकर पेटला तर त्याचं ऐका, नाही पेटला म्हणून थांबू नका.

## टप्पा ४: दोन बदलांच्या मधे डिपस्टिक बघा

महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी. दोन मिनिटांचं काम आहे आणि तरी लोक चुकतात, म्हणून क्रमाने सांगतो.

१. गाडी सपाट जागेवर लावा. सोसायटीच्या उतारावर बघितलेली लेव्हल खोटी असते.
२. इंजिन गरम असताना बंद करा आणि ५ ते १० मिनिटं थांबा, वरचं ऑइल खाली उतरू द्या. काही गाड्यांत थंड इंजिनवर बघायला सांगतात, पुस्तकात असेल तसं करा.
३. डिपस्टिक काढा, पूर्ण पुसा. पहिल्यांदा काढल्यावर जे दिसतं ते धरू नका.
४. शेवटपर्यंत परत घाला, एक क्षण थांबा, काढा आणि आडवी धरून बघा. दोन्ही खुणांच्या मधे हवं.

बाईक-स्कूटर मेन स्टँडवर सरळ उभी करून बघायची. काही मॉडेलमध्ये डिपस्टिक आटे फिरवून बसवायची असते, काहींत नुसती टेकवायची. उलटं केलं की लेव्हल चुकते आणि मग लोक उगाच जास्त ऑइल ओततात.

रंगावर जाऊ नका. डिझेलमध्ये नवीन ऑइल काहीशे किलोमीटरमध्येच काळं पडतं, ते त्याचं काम आहे, काजळी धरून ठेवणं. बोटांत चोळून 'पातळ झालंय' म्हणणारे मेकॅनिक आहेत, पण गरम ऑइल पातळच लागतं.

लेव्हल खालच्या खुणेजवळ असेल तर त्याच ग्रेडचं ऑइल थोडं थोडं टाकून वर आणा. कारमध्ये दोन खुणांमधलं अंतर बरेचदा १ लिटरच्या आसपास असतं, त्यामुळे एकदम ओतू नका, पाव पाव लिटर टाका आणि परत बघा.

आता बीएस६ डिझेलवाल्यांसाठी. लेव्हल कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडकवणारा फिल्टर) साफ करायला गाडी जादा डिझेल सोडते, आणि शहरातल्या छोट्या फेऱ्यांत हे साफ करणं पूर्ण होत नाही, मधेच गाडी बंद होते, मग त्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. लेव्हल वरच्या खुणेच्या वर गेली, डिझेलचा वास येतोय, तर किलोमीटर कितीही असोत, ऑइल बदला. मुदतीत आहे म्हणून थांबायचं नाही.

सावधान: चालत्या गाडीत डॅशबोर्डवरचा किटलीच्या चित्राचा लाल दिवा लागला तर तो सर्व्हिसची आठवण करून देत नसतो, ऑइलचं प्रेशर गेलेलं असतं. बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा. 'पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ' यात इंजिन पकडतं.

## टप्पा ५: ऑइल कुठलं ते आधीच ठरवून जा

स्पेसिफिकेशनच्या पानावर दोन गोष्टी असतात आणि दोन्ही जुळायला हव्यात: ग्रेड, म्हणजे ऑइल किती पातळ-जाड ते सांगणारा ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० वगैरे आकडा, आणि दर्जा, म्हणजे एपीआय एसपी, एसीईए सी३ वगैरे. नुसता ग्रेड जुळला म्हणून कॅन उचलू नका.

'आपल्याकडे ऊन फार, जाड ऑइल टाका' हा सल्ला जुन्या इंजिनांच्या काळातला आहे. ०डब्ल्यू-२० साठी बनवलेल्या इंजिनात बेअरिंगमधल्या फटी, ऑइल पंप, व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा सगळं त्या पातळपणावर बेतलेलं असतं. त्यात २०डब्ल्यू-५० ओतलं तर सकाळी स्टार्ट केल्यावर ऑइल वरपर्यंत पोचायला उशीर होतो, आणि इंजिनची झीज तिथेच होते. विदर्भातलं ४५ डिग्रीचं ऊन असलं तरी इंजिनमधल्या ऑइलचं तापमान त्याच्या दुप्पट किंवा जास्त असतं आणि ते ऑइल त्यासाठीच बनवलेलं असतं. पुस्तकात दोन-तीन ग्रेड दिले असतील तर त्यांच्यातला घ्या, बाहेरचा नको.

डीपीएफ असलेल्या डिझेलला कमी राखेचं ऑइल लागतं. साधं स्वस्त डिझेल ऑइल टाकलं तर त्याची राख डीपीएफमध्ये बसते, आणि काजळी जळून जाते पण राख जळत नाही.

कारचं उरलेलं ऑइल बाईकला टाकणं ही चूक मी स्वतः बघितलेली आहे, भावाची बाईक महिन्याभरात चढाला रेस व्हायची पण पळायची नाही. क्लच घसरत होता. गिअरच्या बाईकला डब्यावर जासो एमए किंवा एमए२ बघा, बिनगिअरच्या स्कूटरला बहुतेक एमबी.

तपासा: कॅनचं सील, झाकणाची कडी, पॅकिंगची तारीख. आणि रिकामा कॅन फोडून किंवा भोक पाडून टाका, तसाच भंगारात दिला तर त्यात भेसळीचं ऑइल भरून परत बाजारात येतं.

## टप्पा ६: बदलताना समोर उभे राहा

शोरूम असो की ओळखीचं गॅरेज, 'मला बघायचंय' म्हणून आधीच सांगा. काम या क्रमाने व्हायला हवं:

१. इंजिन कोमट. अगदी थंड असेल तर घाण तळाशी चिकटून राहते, फार तापलेलं असेल तर हात भाजतो.
२. वरचं झाकण उघडून मग खालचा ड्रेन बोल्ट काढायचा. धार संपली तरी थेंब पडत राहतात, १०-१५ मिनिटं गळू द्या. घाईत लावलेल्या बोल्टमागे जुनं काळं ऑइल राहतं.
३. ऑइल फिल्टर नवीन. जुन्याचं रबर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना ते बोट फिरवून बघायचं, कारण दोन रबरं एकावर एक बसली की ऑइल धारेने बाहेर येतं. नव्याच्या रबराला ऑइलचं बोट लावून हाताने आवळायचं, पान्याने नाही.
४. ड्रेन बोल्टचा वायसर नवीन. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, पण जुनाच लावला की गळतं, मग गळतंय म्हणून जास्त आवळतात आणि चेंबरचे आटे जातात.
५. ऑइल मोजून, पुस्तकातल्या आकड्यापेक्षा थोडं कमीच. इंजिन मिनिटभर चालू, खाली टॉर्च मारून गळती बघायची, बंद, ५ मिनिटं, डिपस्टिक, मग उरलेलं.

माझी तक्रार इथलीच आहे. एका गॅरेजमध्ये फिल्टरचे पैसे बिलात लावले, आणि घरी येऊन वाकून बघितलं तर फिल्टरवर पावसाळ्यातला वाळलेला चिखल तसाच. त्यानंतर मी जुना फिल्टर हातात मागून घेतो. दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे गाडीत ३.१ लिटर बसतं आणि कॅन ३.५ चा असतो, तर पोरगा सगळा कॅन उलटा करून मोकळा होतो. जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षा नव्हे. फिरणारा क्रँक (पिस्टनखालचा मुख्य दांडा) त्यात आपटून फेस करतो, फेसाला प्रेशर येत नाही, आणि सीलवर ताण येतो तो वेगळाच. वर गेलेली लेव्हल तिथल्या तिथे काढायला लावा.

'इंजिन फ्लश करून देतो' असं म्हणतील. वेळेवर ऑइल बदललेल्या नवीन गाडीला त्याची गरज नाही, मॅन्युअलमध्ये नसेल तर नको म्हणा.

घरी स्वतः करणार असाल तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, जॅक स्टँड किंवा रॅम्प हवाच. निघालेलं ऑइल झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजच्या ड्रममध्ये नेऊन द्या. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, ते गटारात, शेताच्या बांधावर किंवा वाळवी लागू नये म्हणून लाकडाला, कुठेच ओतायचं नाही.

## टप्पा ७: नोंद, रिसेट आणि पहिले काही दिवस

सर्व्हिस रिमाइंडर आता रिसेट करायचा, ऑइल बदलल्यानंतरच. काही लोक दिवा त्रास देतो म्हणून आधीच रिसेट करतात आणि मग कधी बदललं तेच कुणाला आठवत नाही. डीपीएफच्या डिझेलमध्ये काही गाड्यांचा ऑइलचा हिशोब वेगळा असतो आणि तो स्कॅनर लावूनच रिसेट होतो, ते विचारून घ्या.

बिलावर चार गोष्टी लिहून हव्यात: तारीख, किलोमीटर, ऑइलचं पूर्ण नाव ग्रेडसकट, आणि किती लिटर. नुसतं 'इंजिन ऑइल' लिहिलेलं बिल परत देऊन दुरुस्त करून घ्या. मग एका चिकटपट्टीवर पुढची तारीख आणि पुढचं रीडिंग दोन्ही लिहून बॉनेटच्या आत लावा, मोबाईलमध्ये तारखेची आठवण दोन आठवडे आधीची.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढल्यावर पार्किंगमधली फरशी बघा. एसीचं पाणी असतं ते पारदर्शक, बोटाला चिकटत नाही. तपकिरी चिकट थेंब असेल, अगदी रुपयाएवढा असला तरी, फोटो काढा, डिपस्टिक बघा, आणि लेव्हल खुणांमधे असेल तर त्याच दिवशी गाडी परत त्यांच्याकडे घेऊन जा. काही दिसलं नाही तर २०० किमी झाल्यावर एकदा परत डिपस्टिक काढून बघायची.